कंपनीला डोमेन नाव विकताय? या चुका टाळा

सगळ्यात महागात पडणारी चूक डोमेन नाव, म्हणजे वेबसाइटचा पत्ता, विकताना होत नाही, ते नाव घेतानाच होते. रबाळ्यातल्या एखाद्या चालू कंपनीच्या नावाचं डॉट इन मोकळं दिसलं की काही जण ते लगेच घेतात आणि त्याच कंपनीला मेल टाकतात, ‘तुमचं नाव माझ्याकडे आहे, पन्नास हजार द्या.’ हा मेल म्हणजे तुमच्याविरुद्धचा आयता पुरावा. डॉट इनच्या वादांसाठी निक्सीचं, म्हणजे डॉट इन नावांचा कारभार पाहणाऱ्या संस्थेचं, आयएनडीआरपी हे वाद सोडवायचं धोरण आहे, डॉट कॉमसाठी आयकॅन या जागतिक संस्थेचं १९९९ पासूनचं तसंच यूडीआरपी. ट्रेडमार्कच्या मालकालाच खर्चापेक्षा जास्त दराने विकायला नाव घेणं, हे दोन्हीकडे वाईट हेतूचं लक्षण मानतात. निकाल विरोधात गेला की नाव काढून कंपनीला देतात आणि तुम्हाला काहीही मिळत नाही.

म्हणून आधी ट्रेडमार्क नोंदणी कार्यालयाच्या वेबसाइटवर नाव शोधा. शोध फुकट आहे. पण नोंदणी दिसली नाही म्हणजे रान मोकळं, असं नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट प्रकरणात डोमेन नावालाही व्यापारी चिन्हासारखं संरक्षण मिळू शकतं, असं स्पष्ट केलं आणि तिथे मुद्दा नावाच्या आधीच्या वापराचा होता. माझं मत ठाम आहे: कोणाच्या ब्रँडचं नाव घेऊच नका, तो धंदा नाही. धंद्याचं, मालाचं, गावाचं वर्णन करणारी नावं घ्या. ती एकाच नव्हे, दहा कंपन्यांच्या कामाची असतात.

समजा तुमच्याकडे ‘नवीमुंबईकोल्डस्टोरेज डॉट इन’ आहे. गिऱ्हाईक कोण, तर तुर्भे, महापे, तळोजा भागातले शीतगृहवाले. इथे दुसरी चूक होते: सगळ्यांना एकच मेल, तोही ‘इन्फो’ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर. तो एकतर स्पॅममध्ये जातो, नाहीतर रिसेप्शनवरच राहतो. एमआयडीसीतल्या छोट्या कंपनीत निर्णय मालक घेतो किंवा धंद्यात उतरलेला त्याचा मुलगा किंवा मुलगी. मोठ्या कंपनीत मार्केटिंगवाल्यांना गाठा. आयटीवाल्याला नाव कळतं, पण खर्चाची मंजुरी त्याच्या हातात क्वचितच असते. आधी कंपनीची सध्याची वेबसाइट उघडून पाहा आणि मगच लिहा:

‘नमस्कार साहेब. मी ठाण्याचा. नवीमुंबईकोल्डस्टोरेज डॉट इन हे नाव माझ्याकडे आहे आणि ते मी विकतोय. तुमची सध्याची साइट तशीच ठेवून हे नाव तिच्याकडे वळवता येईल. अपेक्षित किंमत पंचवीस हजार, बिल मिळेल. सोयीची वेळ कळवलीत तर फोन करतो.’

बस, एवढंच. किंमत पहिल्याच मेलमध्ये सांगावी असं मला वाटतं. ‘ऑफर द्या’ म्हटलं की छोटा उद्योजक गप्प बसतो, कारण असल्या नावाचा भाव काय असतो हे त्याला माहीतच नसतं. ‘नाहीतर तुमचा स्पर्धक घेईल’ हे वाक्य मात्र चुकूनही लिहू नका. त्याने माणूस दुखावतो, आणि प्रकरण वकिलाकडे गेलं तर तेच वाक्य तुमच्यासमोर ठेवलं जातं.

उत्तर आलं नाही तर आठवड्याभराने एक आठवण करा आणि थांबा. ‘महाग आहे’ असं उत्तर आलं तर ती बोलणी सुरू झाल्याची खूण; दोन हप्त्यांची तयारी दाखवा, पण सगळे पैसे येईपर्यंत नाव आपल्याच खात्यात ठेवा. कायदेशीर नोटीस आली तर रागाच्या भरात उत्तर देऊ नका, नाव घाईने दुसऱ्याच्या खात्यातही टाकू नका. आधी वकिलाला दाखवा.

नावावर काय उघडतं तेही पाहून ठेवा. ‘हे नाव विक्रीला आहे’ आणि संपर्क, इतकं साधं पान पुरतं. रजिस्ट्रारने, म्हणजे ज्या कंपनीकडे तुम्ही नाव नोंदवलं तिने, आपोआप लावलेल्या जाहिराती काढा. त्यात एखाद्या कंपनीच्या स्पर्धकाची जाहिरात दिसली तर तीही तुमच्या अंगाशी येते.

सौदा ठरला की ट्रान्स्फर कोड, म्हणजे नाव दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवायला लागणारा गुप्त कोड, पैसे येण्याआधीच देण्याची चूक बरेच जण करतात. रक्कम मोठी असेल तर एस्क्रो सेवा वापरा: पैसे तिच्याकडे जमा होतात, नाव खरेदीदाराकडे गेल्यावर तुम्हाला मिळतात. नवं घेतलेलं डॉट कॉम साधारण पहिले ६० दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवता येत नाही, हे खरेदीदाराला आधीच सांगा. घाई असेल तर त्याला तुमच्याच रजिस्ट्रारकडे खातं उघडायला सांगा. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात नाव बहुधा लगेच जातं. नूतनीकरणाची तारीख मात्र बिलावरच लिहून द्या.