रक्तवाहिनीच्या पेशींमधील मेदांची देवाणघेवाण कशी तपासावी

रक्तवाहिनीचे आतले अस्तर एंडोथेलियल पेशींचे असते आणि त्याबाहेर स्नायूपेशींचा थर असतो. या पेशी एकमेकींना मेद देतात का, हे पाहायचे असेल तर दोन्ही एकाच माध्यमात (पोषक द्रवात), पण वेगवेगळ्या थरांत वाढवाव्या लागतात. त्यासाठी 0.4 मायक्रॉन छिद्रांचा पडदा असलेले इन्सर्ट (भांड्यात बसवायची छोटी वाटी) वापरावे, कारण त्यातून मेद वाहून नेणारी प्रथिने जातात, पेशी मात्र पलीकडे जात नाहीत.

प्रथम स्नायूपेशींना अल्ब्युमिन या प्रथिनाला जोडलेले, किरणोत्सारी कार्बन-14 ने खूण केलेले ओलेइक आम्ल (एक मेदाम्ल) रात्रभर द्यावे. चमकणारी खूण सोयीची असली तरी ती रेणूची वागणूक बदलू शकते, म्हणून माझा कल कार्बन-14 कडेच आहे. नंतर अल्ब्युमिनयुक्त द्रावणाने पेशी दोनतीनदा धुवाव्यात. ही पायरी घाईने उरकल्यास पृष्ठभागाला चिकटलेले आम्लच पलीकडे जाते आणि पेशींनीच ते दिले असा भास होतो. म्हणूनच पेशी नसलेले, पण त्याच आम्लात भिजवून तसेच धुतलेले एक भांडेही सोबत ठेवावे.

लायपोप्रोटीन (मेद वाहणारे कण) काढलेल्या सीरमच्या (रक्तद्रवाच्या) माध्यमात दोन्ही थर 37 अंश सेल्सिअसला 24 तास एकत्र ठेवावेत, मग वेगळे करून क्लोरोफॉर्म व मिथेनॉल यांच्या 2:1 मिश्रणाने त्यांतील मेद काढावेत. क्लोरोफॉर्ममध्ये पॉलिस्टायरिन विरघळते, त्यामुळे हे काम काचेच्या नळ्यांतच, फ्यूम हूडखाली (वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटात) करावे. थिन लेयर क्रोमॅटोग्राफीने (पातळ थरावर घटक वेगळे करण्याच्या पद्धतीने) ट्रायग्लिसराइड, फॉस्फोलिपिड आणि कोलेस्टेरॉल एस्टर वेगळे केल्यावर एंडोथेलियल पेशींच्या कोणत्या मेदात खूण पोचली ते कळते. प्रत्येक आकडा त्या थरातील प्रथिनांच्या मिलिग्रॅममागे नोंदवावा.