भाड्याच्या घराच्या भिंतीवरची वेल उतरवण्याची तयारी

करार संपायला तीन महिने उरले असतील, तर बाहेरच्या भिंतीवर चढलेल्या वेलीकडे आजच लक्ष द्यावे. पंधरा दिवस उरल्यावर हे काम नीट होत नाही, कारण बुंध्याशी कापलेली वेल आधी भिंतीवरच वाळू द्यावी लागते, मग ती उतरवून भिंत घासावी लागते, उखडलेल्या जागी गिलावा करून त्याला पाणी मारावे लागते आणि तो पुरता सुकल्यावरच रंग देता येतो. पुण्यात साधारण जूनच्या पहिल्या पंधरवड्यात पाऊस लागतो हे धरले, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये कापणी आणि मे संपण्याआधी रंग, असा हिशेब बसतो. कोकणात त्याहूनही थोडे आधी आवरावे. पुण्यातल्या एका बैठ्या घरात भाड्याने राहत असताना मी हा क्रम पाळला नव्हता. हिरवीगार वेल दोन्ही हातांनी ओढली आणि तिच्यासोबत जेवणाच्या ताटाएवढा गिलाव्याचा पापुद्रा खाली आला. मागची वीट उघडी पडली आणि डागडुजीचा खर्च अनामत रकमेतून वळता झाला.

पहिले काम म्हणजे वेल कशाच्या आधाराने चढली आहे ते जवळ जाऊन पाहणे. मधुमालती, जाई आणि गोकर्ण आधाराभोवती पिळे घालत वर जातात. कृष्णकमळ आणि लसूणवेल ताण्यांनी पकडतात. बोगनवेल काट्यांच्या आणि लांब फांद्यांच्या जोरावर रेलून उभी राहते. या साऱ्यांना भिंतीचा मोह नसतो, त्या गज, तार, पाइप किंवा खिळा शोधतात, आणि म्हणून त्यांच्यामुळे नुकसान होते ते भिंतीपेक्षा पन्हाळीचे आणि खिडकीच्या जाळीचे अधिक. खरी काळजी लागते ती मुळांनी चिकटणाऱ्या वेलींची. नर्सरीत वॉल क्रीपर म्हणून मिळणारी, नखाएवढ्या पानांची फायकसची वेल त्यांत सर्वांत चिवट. तिची एखादी फांदी हलकेच उचलून खाली पाहिले, तर पेरापेरावर बारीक तपकिरी मुळांचे झुपके दिसतात आणि ते रंगाच्या थरात रुतलेले असतात. मनी प्लांटची हवाई मुळे जाड असतात, पण पकड तशीच. वेल जुनी झाली की फायकसच्या फांद्या भिंतीपासून बाहेर झेपावतात आणि त्यांची पाने चांगली मोठी होतात. अशा फांद्या दिसल्या तर वेलीचे वजन बरेच झाले आहे असे समजावे.

ओळख पटल्यावर कागदपत्रे काढावीत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि तो नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची असते. या करारातले जागा परत देण्याविषयीचे कलम शांतपणे वाचावे. नेहमीची झीज वगळता जागा घेतली तशीच परत करावी, अशा अर्थाचे वाक्य त्यात बहुधा असते. भाडेपट्ट्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 108 मध्येही असेच तत्त्व आहे. भाडेकरूने जमिनीत लावलेली गोष्ट ताबा असेपर्यंत काढून नेता येते, मात्र जागा मिळाली होती त्या स्थितीत ठेवावी लागते. लीव्ह अँड लायसन्स हा कायद्याने भाडेपट्टा नव्हे, तरी वागण्याचा दंडक म्हणून हे तत्त्व मला योग्य वाटते. वेल आपण लावलेली असेल तर खर्च आपला. ती आपल्या आधीपासून असेल, तर घरात राहायला आलो त्या दिवसाची छायाचित्रे शोधून ठेवावीत आणि खर्च कोणाचा हे कात्री लावण्यापूर्वीच ठरवावे.

घरमालकांशी बोलणे फोनवर झाले तरी नंतर लेखी निरोप जरूर पाठवावा. “काका, पूर्वेकडच्या भिंतीवरची फायकसची वेल 1 मार्चला बुंध्याशी कापायची आहे. महिनाभर ती वाळलेली दिसेल, मग उतरवून भिंत घासून घेईन. रंग कोणता द्यायचा ते तुम्ही सांगा. चालेल ना?” एवढे पुरते. वाळलेली वेल महिनाभर भिंतीवर लटकताना पाहून शेजारी घरमालकांना फोन करतात, म्हणून तो मधला उल्लेख महत्त्वाचा आहे. काही घरमालकांना ती वेल हवीही असते. एखाद्या काकूंनी स्वतः लावलेली मधुमालती आपण स्वच्छतेच्या भरात उतरवली, तर ती परत देता येत नाही.

कापणीच्या आदल्या आठवड्यात सकाळी आणि संध्याकाळी थोडा वेळ वेलीसमोर उभे राहावे. बुलबुल किंवा शिंजीर पुन्हा पुन्हा एकाच जागी शिरताना दिसला, तर आत घरटे आहे असे धरून काम पुढे ढकलावे. अंडी उबवून पिल्ले उडेपर्यंत बुलबुलाला सुमारे महिना लागतो आणि तेवढी सवड आपल्याकडे असलीच पाहिजे. गांधीलमाश्यांचे पोळे असेल तर स्वतः हात घालू नये. दाट वेलीच्या तळाशी पालापाचोळ्यात साप असू शकतो, म्हणून आधी लांब काठीने पाला हलवून घ्यावा. खांबावरून घरात येणाऱ्या विजेच्या तारेला वेलीने विळखा घातला असेल, तर तेवढा भाग तसाच सोडून महावितरणला 1912 वर कळवावे आणि त्यांचा माणूस आल्यावरच पुढे जावे. मीटरची पेटी, एसीची नळी आणि पाण्याचे प्लॅस्टिकचे पाइप पानांआड दडलेले असतात; कोयता त्यांच्यावर बसू नये म्हणून त्यांच्या जागी खडूने भिंतीवर आधीच खुणा कराव्यात.

साहित्य फार लागत नाही. छाटणीची कात्री, जाड बुंध्यासाठी लहान करवत, पुट्टी खरवडायची पत्ती, नायलॉनचा कडक ब्रश, खाली अंथरायला ताडपत्री, आणि उंचीसाठी रंगारी वापरतात तसा घोडा, जो धरायला दुसरे माणूस हवेच. पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे आणि चष्मा यांत हयगय करू नये. फायकसचा पांढरा चीक अंगाला लागून वर ऊन पडले तर कातडीवर चट्टे उठतात, आणि मनी प्लांटच्या रसाने खाज सुटते.

कापताना बुंध्याचा वीतभर तुकडा मधून काढून टाकावा, म्हणजे वरचा भाग आणि मूळ यांत अंतर पडते आणि एखादी फांदी नजरेतून सुटली तर ती हिरवी राहून स्वतःच ओळखू येते. त्यानंतर फायकस तीन ते चार आठवडे वाळू द्यावी. त्याहून जास्त लांबवू नये, कारण फांद्यांचा हाताखाली भुगा होऊ लागतो आणि मुळे मात्र अधिक कडक बसतात. मनी प्लांट आपल्या मुळांवर बरेच दिवस तग धरतो, म्हणून त्याचे हातभर तुकडे करून एकेक मूळ पत्तीने सोडवत लगेच उतरवावे. गुळवेलीची तर गोष्टच वेगळी. खालून कापली तरी तिचा वरचा भाग कित्येक आठवडे हिरवा राहतो आणि दोऱ्यासारखी मुळे जमिनीकडे सोडत पुन्हा माती गाठतो. तिला अमृतवल्ली उगीच म्हणत नाहीत. ती भिंतीला चिकटत नसल्यामुळे त्याच दिवशी पूर्ण उतरवून घ्यावी. बुंध्यावर मीठ, रॉकेल किंवा ॲसिड ओतण्याचा सल्ला कोणीतरी देतेच. तो मानू नये. मीठ ओलीबरोबर भिंतीत चढते, तिला लोणा लागतो आणि नवा रंगही फुगून सुटतो.

वाळलेली वेल वरून खाली, भिंतीला पत्ती समांतर धरून उतरवावी. मागे गोमेच्या पायांसारखे तपकिरी ठसे राहतात. ते पाण्याने भिजवून नायलॉनच्या ब्रशाने घासावेत, तारेचा ब्रश गिलावा खातो. भिंतीवर बोटाने टकटक करून पोकळ आवाज येईल तिथला सैल गिलावा आताच पाडावा. नव्या सिमेंटच्या गिलाव्याला किमान सात दिवस पाणी मारावे. जुन्या वाड्याची चुन्याची भिंत असेल तर तिथे चुन्याचाच गिलावा करणारा गवंडी शोधावा, कारण कडक सिमेंटच्या थापीमागे ओल अडकून शेजारचा चुना सुटतो. घासताना भेगेतून पिंपळाचे किंवा वडाचे रोप निघाले, तर ते वेलीसारखे घरच्या घरी हाताळू नये. कोवळे असताना घरमालकांना दाखवावे आणि मोठे असेल तर महापालिकेच्या उद्यान विभागाला आधी विचारावे. उतरवलेल्या काड्या पूर्ण वाळवून मगच कचऱ्यात द्याव्यात. मनी प्लांटचे ओले तुकडे नाल्याकाठी टाकले तर तिथेच रुजतात आणि मांजराने किंवा कुत्र्याने चघळले तर त्यांचे तोंड सुजते.

करार वाढणार असेल आणि हिरवाई हवीच असेल, तर पुढच्या वेळी गोकर्ण किंवा कृष्णकमळ मोठ्या कुंडीत लावून, भिंतीपासून चार बोटे पुढे उभ्या केलेल्या बांबूच्या ताटीवर चढवावे. घर सोडताना कुंडी आणि ताटी दोन्ही टेम्पोत चढतात. किल्ल्या देण्याच्या दिवशी त्याच कोनातून, त्याच वेळच्या उजेडात भिंतीची छायाचित्रे घ्यावीत आणि घरमालकांसमोर उभे राहून ती जुन्या छायाचित्रांशेजारी दाखवावीत.