हॉलिवूडमध्ये रायटर व्हायचंय? आधी स्क्रिप्ट विकायचं डोक्यातून काढा

सगळे पहिल्यांदा हेच विचारतात, माझ्याकडे एक भन्नाट स्टोरी आहे, ती हॉलिवूडला कशी विकायची? मी लॉस एंजेलिसमध्ये काही वर्षं एका प्रॉडक्शन कंपनीसाठी स्क्रिप्ट वाचून रिपोर्ट लिहायचं काम केलंय, तेव्हा किती विकत घेतल्या गेल्या ते सांगायला एका हाताची बोटंसुद्धा जास्त होतील. पण त्या लिहिणाऱ्यांतल्या कितीतरी जणांना त्याच न विकलेल्या स्क्रिप्टच्या जोरावर दुसरं काम मिळालं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे. कोणी न सांगता स्वतःच्या हिमतीवर लिहिलेल्या स्क्रिप्टला तिकडे स्पेक म्हणतात आणि ती म्हणजे तुमच्या हाताचा नमुना, बस्स. ती वाचून कोणीतरी म्हणतं की याला आपल्या दुसऱ्या प्रोजेक्टवर घेऊया, आणि ते काम बरं केलंत की तिसरा माणूस बोलावतो. करिअर असंच बनतं.

मग नमुना कसा हवा? एक नको, निदान दोन हवेत, आणि दोन्ही एकाच जातकुळीतले हवेत. पहिली हॉरर आणि दुसरी गोडगोड लव्ह स्टोरी असेल तर तुम्हाला कुठल्या कामाला बोलवायचं हेच लोकांना कळत नाही. फिल्मची स्क्रिप्ट ९० ते १२० पानं, एक तासाच्या ड्रामाचा पायलट, म्हणजे पहिला एपिसोड, साधारण ५० ते ६०, अर्ध्या तासाची कॉमेडी तीसच्या आसपास. फॉन्ट कुरिअर, १२ पॉइंट, यात शहाणपणा करू नका, कारण त्या फॉन्टमध्ये एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट असा हिशोब सगळे धरून चालतात. सॉफ्टवेअर बहुतेक ठिकाणी फायनल ड्राफ्टच चालतं, शिकताना फुकटवालं वापरलंत तरी काही बिघडत नाही.

पानावर काय चुकतं ते दाखवतो. नवीन लोक असं लिहितात: "रॉबर्ट, ४५, घटस्फोटानंतर आतून पार तुटलेला, सोफ्यावर बसलाय." आता मला सांगा, कॅमेरा "आतून तुटलेला" कसा टिपणार? त्यापेक्षा हे बघा: "कुरिअरवाला. पार्सलवर बायकोचं नाव. रॉबर्ट सही करतो, पार्सल आतल्या खोलीत नेऊन ठेवतो. तिथे अशी अकरा पार्सलं आहेत. एकही उघडलेलं नाही." घटस्फोट हा शब्द कुठेच नाही, पण कळलं ना? जे दिसतं आणि जे ऐकू येतं तेवढंच पानावर, बाकी सगळं तुमच्या डोक्यात.

आता ती वाचतो कोण, तर माझ्यासारखा रीडर, ज्याच्यापुढे वीकेंडला दहाबारा स्क्रिप्टचा ढीग असतो. त्याच्या रिपोर्टला कव्हरेज म्हणतात, त्यात कथेचा सारांश, मत आणि शेवटी एक शब्द असतो, पास, कन्सिडर किंवा रेकमेंड. पास म्हणजे आपण पास झालो असं नाही हां, पास म्हणजे नको. मी दहा पानांच्या आत मनात ठरवून टाकायचो आणि बाकीची पानं इमान राखायला वाचायचो, खोटं कशाला बोलू. त्यामुळे कथेची मेख पंचविसाव्या पानावर ठेवून "पुढे मजा येईल" म्हणू नका, पुढे कोणी येतच नाही.

पाठवायची कुठे? स्टुडिओला डायरेक्ट ईमेल केलीत तर कोणी उघडणारही नाही, कारण उद्या तुम्ही म्हणाल माझी आयडिया चोरली, म्हणून एजंट, मॅनेजर किंवा वकिलामार्फत न आलेलं ते वाचतच नाहीत. अनोळखी माणसासाठी दोनतीन दारं मात्र खरी आहेत. एक म्हणजे ऑस्करवाल्या अकॅडमीची निकोल फेलोशिप, नवीन लेखकांसाठीची स्क्रिप्ट स्पर्धा. दुसरं ब्लॅक लिस्ट, २००५ मध्ये फ्रँकलिन लिओनार्डने डेव्हलपमेंटमधल्या, म्हणजे कंपन्यांसाठी स्क्रिप्ट निवडणाऱ्या लोकांना आवडलेल्या पण न बनलेल्या स्क्रिप्ट विचारून पहिली यादी केली, आता त्यांच्या साइटवर पैसे भरून स्क्रिप्टचं मूल्यमापन करून घेता येतं. शिवाय काही मोठ्या कंपन्यांचे टीव्ही रायटिंग प्रोग्राम असतात, ते बंदचालू होत राहतात तेव्हा त्या त्या वर्षी चेक करा. बाकी शंभर कॉन्टेस्ट आहेत ज्या फक्त फी खातात, त्यांना लांबूनच नमस्कार. आणि पाठवण्याआधी अमेरिकन कॉपीराइट ऑफिसमध्ये रजिस्टर करून टाका, उद्या कोर्टात जायची वेळ आली तर तेच उपयोगी पडतं.

टीव्हीत अजून एक रस्ता आहे आणि माझ्या मते तोच जास्त खात्रीचा, खालून वर. रायटर्स पीए (प्रॉडक्शन असिस्टंट) म्हणजे जेवणाच्या ऑर्डरी घ्यायच्या, फ्रिज भरायचा, फोटोकॉपी काढायच्या. मग रायटर्स असिस्टंट, जो रूममध्ये, म्हणजे शोचे सगळे लेखक मिळून कथा रचतात त्या खोलीत, बसून प्रत्येकाचं बोलणं टाइप करतो, मग स्क्रिप्ट कोऑर्डिनेटर. पगार जेमतेम, तास बेसुमार, पण रूम कशी चालते हे फुकटात शिकायला मिळतं आणि शोरनरला, म्हणजे शो चालवणाऱ्या मुख्य लेखकाला, तुमचा स्वभाव कळतो. पुढची शिडी स्टाफ रायटर, स्टोरी एडिटर, एक्झिक्युटिव्ह स्टोरी एडिटर, को-प्रोड्यूसर अशी वर जाते, म्हणजे टीव्हीवर प्रोड्यूसर म्हणून जी नावं झरझर सरकतात त्यातले कितीतरी खरं तर लेखकच असतात.

स्क्रिप्ट आवडली की "जनरल" नावाच्या मीटिंगा सुरू होतात. रिसेप्शनवर पाण्याची बाटली देतात (घ्या, सगळे घेतात, एका आठवड्यात गाडीत आठदहा बाटल्या जमतात), मग एक्झिक्युटिव्ह म्हणतो स्क्रिप्ट खूप आवडली, आणि ते ऐकून लोक घरी येऊन पेढे वाटतात. थांबा. त्या मीटिंगमध्ये कोणी काही विकत घेत नसतं, हा माणूस महिनोन् महिने एका खोलीत सहन होईल का एवढंच बघत असतात. तुम्ही कुठून आलात, हेच का लिहिता, हे दोनतीन मिनिटात रंगवून सांगता यायला हवं, आणि निघताना विचारा की तुम्ही सध्या काय शोधताय. उत्तर लिहून ठेवा, पुढचा फोन त्यावरच करायचाय.

आता पैसे, कारण इथेच सगळ्यांची फसगत होते. समजा एका फिल्मच्या लेखनाचे १ लाख डॉलर ठरले. एजंटचे १० टक्के, मॅनेजरचे साधारण १०, वकिलाचे ५, म्हणजे २५ हजार गेले. गिल्डचे, म्हणजे लेखकांच्या युनियनचे, दीड टक्का, दीड हजार. राहिले साडेत्र्याहत्तर हजार, त्यातून टॅक्स जायचाय अजून. आणि तेही एकरकमी नाही, टप्प्याटप्प्याने, थोडे सुरुवातीला आणि बाकीचे ड्राफ्ट दिल्यावर, मध्ये सहा महिने गेले तर ते तुमचे तुम्ही बघायचे. जोडीने लिहिता? मग त्यातले निम्मेच. म्हणून पहिला चेक आला की नोकरी सोडायची घाई करू नका, दोन वर्षं काही आलं नाही तर कसं जगायचं हा हिशोब आधी.

गिल्ड म्हणजे रायटर्स गिल्ड ऑफ अमेरिका, वेस्ट आणि ईस्ट. वेस्टमध्ये शिरायला तीन वर्षांत २४ युनिट, म्हणजे लेखनाच्या कामाबद्दल मिळणारे गुण, जमावी लागतात, गिल्डचा करार मानणाऱ्या कंपनीला अख्खी फिल्म स्क्रिप्ट विकली तर ती एका झटक्यात जमतात, आणि प्रवेश फी २,५०० डॉलर. किमान दर, पेन्शन, आरोग्य विमा, रेसिड्युअल, म्हणजे काम पुन्हा दाखवलं गेलं की मिळणारे पैसे (ते हिरव्या पाकिटात येतात, कधी घरभाडं निघतं कधी चहासुद्धा नाही) सगळं याच्यामुळे. २०२३ मध्ये २ मे ते २७ सप्टेंबर असा १४८ दिवस संप झाला तो याच लोकांचा, आणि त्यातून एआयने लिहिलेल्या मजकुराला लेखकाचं लेखन धरायचं नाही, कंपनीने तसा मजकूर हातात दिला तर सांगायचं, हे करारात आलं. पण संपानंतर शो कमी झाले आणि रूमही छोट्या झाल्या, हेही खरं.

गिल्डबाहेर असताना सगळ्यात जपायचं ते फुकटच्या ड्राफ्टपासून. एका प्रोड्यूसरने मला "फक्त एक छोटासा पास मार ना" (इथे पास म्हणजे स्क्रिप्टवरून सुधारणेचा एक हात) म्हणत सहा ड्राफ्ट करून घेतले, सातव्या वेळी फोन उचलणं बंद केलं. चूक माझीच, कागदावर काहीच नव्हतं. आता माझा नियम साधा आहे, एक ड्राफ्ट ओळखीखातर, दुसऱ्यापासून वकील.

बाहेरून येणाऱ्यांनी व्हिसाचंही बघा, बरेच जण ओ-१ या खास गुणवत्तेच्या लोकांसाठीच्या व्हिसावर येतात, त्यासाठी आधीच केलेलं नावाजलेलं काम दाखवावं लागतं, तेव्हा तिकडे जाऊन सुरू करू हा विचार उलटा आहे.

आणि क्रेडिट. दोन नावांमध्ये & असेल तर ते जोडीने लिहिणारे, "अँड" शब्द असेल तर एकाने लिहिलं आणि दुसऱ्याने नंतर बदललं. पुढचे रेसिड्युअल क्रेडिटवर ठरतात म्हणून भांडणं होतात, मग गिल्डचेच तीन लेखक नाव न सांगता सगळे ड्राफ्ट वाचून निकाल देतात. तिथे तुमच्या बाजूने बोलणार ते तुमचे जुने ड्राफ्ट आणि तुम्ही दिलेलं एक पत्र, तेव्हा प्रत्येक ड्राफ्ट दिला त्या दिवशीची तारीख फाइलच्या नावात टाका आणि ईमेलनेच पाठवा. "फायनल फायनल नवीन २" असं नाव ठेवलंत तर वर्षभराने कुठला सीन आधी तुम्ही लिहिला होता हे तुमचं तुम्हालाच सापडणार नाही.