डोंगराखाली भाताची खाचरं असतील तर मृगाआधी हे उरकून घ्या

मंडळी, मृग तोंडावर आलाय, पेरणीची घाई सगळ्यांनाच आहे, पण पोलादपूर, महाड, पाटण, जावळी या बाजूला ज्यांची शेती डोंगराला लागून आहे त्यांनी आधी खाचराच्या वरच्या अंगाला चढून ओढ्याच्या कडेकडेने एक फेरी माराच. वरती आडवं पडलेलं झाड, सपाटीकरणाच्या वेळी जेसीबीने ओढ्यात लोटलेली माती, मोरीत अडकलेला पाला, हे सगळं आत्ताच काढा, कारण पाणी तिथे तुंबतं आणि फुटलं की एकदम खाली येतं.

पाऊस आपल्याला नवा नाही, पण आता तो पडतो कसा ते बघा. अरबी समुद्र तापतोय, बाष्प जास्त येतंय आणि आठवडाभराचा पाऊस एका दिवसात कोसळतोय. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी पडला, त्याच पावसात तळिये, आंबेघर, मिरगाव इथे दरडी आल्या. खाली कातळ, वर मातीचा थर, तो भिजून जड झाला की घसरतो. म्हणून घरांच्या वर तीव्र उतारावर पाणी मुरवायचे चर नवीन खणू नका, तिथे पाणी बाजूला काढून ओढ्याला सोडणारा चर पाहिजे. आणि डोंगराचा पायथा कापून खाचर वाढवणं तर बंदच करा, कितीही मोह झाला तरी.

बांधाला सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट ठेवा, दगड लावून पक्का करा, बांधावर वाळा लावा. नाचणी-वरी उताराला आडवीच लावा. सगळं बी एकदम टाकू नका, थोडं आठ-दहा दिवसांनी टाका, म्हणजे रोपं वाहून गेली तरी हाताशी काहीतरी राहील, नाहीतर मग मोड आलेलं बी रहू पद्धतीने, म्हणजे थेट चिखलणी केलेल्या खाचरात फेकावं लागतं. जोराच्या पावसाचा इशारा असेल तर युरिया टाकायचा नाही, सगळा वाहून जातो. जनावरांना घटसर्प-फऱ्याची लस पावसाआधीच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. जमिनीला नवी भेग, झाडं किंवा खांब कलणं, कुठेतरी नवा झरा फुटणं, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा भर पावसात कमी होणं, यातलं काहीही दिसलं तर पिकाचा विचार सोडा, जनावरांची दावी सोडा, म्हातारी माणसं नि पोरं घेऊन निघा, आणि उजेड असतानाच निघा, इर्शाळवाडीत २०२३ ला दरड रात्री आली. जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाचा नंबर १०७७, फोनमध्ये सेव्ह करा.

पूर ओसरल्यावर लगेच गाळ उपसू नका, आधी फोटो काढा, तलाठ्याला नि कृषी सहाय्यकाला कळवा, पंचनामा होऊ द्या. चिखलात उतरताना पायाला जखम असेल तर गमबूट घाला, ताप आला तर अंगावर काढू नका, लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) असू शकतो, आरोग्य केंद्रात जाऊन चिखलात काम केलंय हे डॉक्टरांना सांगा.