रोबोटिक शस्त्रक्रियेचा हिशेब मांडताना या चुका टाळा

रोबोट घेतला की रुग्ण दोन दिवस आधी घरी जातो आणि म्हणून रुग्णालयाचा पैसा वाचतो, हा युक्तिवाद बडोद्यातील धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्त बैठकांत मी वारंवार ऐकला आहे. प्रस्तावांचे आकडे तपासण्याचे काम करताना मला असे दिसले की त्यात खर्च रुपयांत असतो, बचत मात्र दिवसांत असते, आणि दिवसाचे रुपये कसे होणार हे कोणी विचारत नाही.

सर्वांत मोठी चूक तुलनेत होते. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेशी तुलना केली की रोबोट लाभदायक दिसतो, कारण रक्तस्राव कमी होतो आणि जखम लहान असते. परंतु हे लाभ बव्हंशी साध्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेतही मिळतात, आणि ती सोय आपल्या शहरातील बहुतेक मोठ्या रुग्णालयांत आधीपासूनच आहे. गुदाशयाच्या कर्करोगावरील ‘रोलार’ या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. दुर्बिणीने सुरू केलेली शस्त्रक्रिया पोट उघडून पूर्ण करावी लागण्याचे प्रमाण १२.२ टक्के होते, रोबोटच्या गटात ते ८.१ टक्के होते, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील २०१० च्या एका लेखात २० प्रकारच्या शस्त्रक्रियांचा विचार करून प्रत्येकीमागे सरासरी १,६०० डॉलर जादा खर्च दाखवला होता, आणि यंत्राची किंमत विभागून धरल्यावर तो ३,२०० डॉलरवर गेला होता. ते आकडे अमेरिकेचे व जुने आहेत, पण हिशेबाची ती रीत आपण जरूर घ्यावी. मूत्रविकार विभागात प्रोस्टेटच्या शस्त्रक्रिया अजून उघड्या पद्धतीने होत असतील, तर तेथे रोबोटची बाजू खरोखर भक्कम ठरते.

दुसरी चूक केवळ यंत्राची किंमत पाहण्याची. समजा यंत्र १२ कोटींचे आहे आणि घसारा १० वर्षांवर धरला आहे, तर वर्षाला १ कोटी २० लाख झाले. वॉरंटी संपल्यावरचा देखभाल करार १ कोटीचा मानला, तर एकही शस्त्रक्रिया न करता वर्षाचा खर्च २ कोटी २० लाख होतो. वर्षाला ११० शस्त्रक्रिया झाल्या तर प्रत्येकीवर २ लाखांचा भार पडतो, २७५ झाल्या तर ८० हजारांचा. शिवाय आरोग्यसेवा वस्तू व सेवा करातून बहुतांशी मुक्त असल्यामुळे यंत्रावर भरलेल्या कराची वजावट रुग्णालयाला सहसा मिळत नाही. तो कर किंमतीतच धरावा. उपकरणांचा खर्च याहून वेगळा आहे. ‘दा विंची’ या शस्त्रक्रियेच्या रोबोटला जोडल्या जाणाऱ्या अनेक उपकरणांना १० वापरांची मर्यादा होती, २०२० पासून काहींची १२ ते १८ पर्यंत वाढवली गेली, ही मोजणी यंत्र स्वतःच ठेवते आणि शस्त्रक्रियेत उपकरण दोन मिनिटे वापरले तरी एक वापर खर्ची पडतो.

आता वाचलेल्या दिवसांकडे वळू. परिचारिकांचे पगार, इमारत, वीज हा खर्च खाट रिकामी असली तरी चालूच राहतो, आणि मुक्कामाचा शेवटचा दिवस हा बहुधा सर्वांत स्वस्त असतो, कारण त्या दिवशी गोळ्या व जेवण यांपलीकडे फारसे काही लागत नाही. त्या खाटेवर दुसरा रुग्ण वाट पाहत असेल तरच तो दिवस रुग्णालयासाठी पैसा होतो. डभोई किंवा छोटा उदेपूरहून आलेल्या कुटुंबाची दोन दिवसांची मजुरी वाचते, आणि ही बचत मला फार मोलाची वाटते. पण ती रुग्णालयाच्या जमेच्या बाजूला लिहिता येत नाही.

पैसे कोण देणार, याविषयीही गल्लत होते. गुजरातमध्ये आयुष्मान योजनेची मर्यादा जुलै २०२३ पासून कुटुंबामागे १० लाख झाली, म्हणून रोबोटचा खर्च निघेल असे मानणे चुकीचे आहे, कारण शस्त्रक्रियेचा दर पॅकेजनुसार ठरलेला असतो. खासगी विम्यात रोबोटिक शस्त्रक्रिया समाविष्ट असली, तरी अनेक पॉलिसींत तिच्यावर पोटमर्यादा, म्हणजे त्या उपचारापुरती वेगळी कमाल रक्कम, असते; दाखल करतानाच ती तपासावी, म्हणजे डिस्चार्जच्या वेळी नातेवाइकांवर अचानक भार पडणार नाही.

यंत्र आधीच घेतले असेल, तर विभागांना आठवड्याचे ठरलेले वार द्यावेत, एकाच दिवशी लागोपाठ दोन शस्त्रक्रिया ठेवाव्यात आणि परिचारिकांचा चमू बदलू नये, कारण सुरुवातीच्या महिन्यांत यंत्र रुग्णाला जोडण्यातच बराच वेळ जातो. प्रत्येक शस्त्रक्रियेत कोणती उपकरणे वापरली आणि किती मिनिटे लागली, हे त्याच दिवशी नोंदवावे. तीन महिन्यांनी ही वही शल्यचिकित्सकांसमोर ठेवली, की तीच शस्त्रक्रिया कोण तीन उपकरणांत पुरी करतो आणि कोणाला पाच लागतात, हे त्यांना स्वतःलाच दिसते.