पावसाळ्यात चिकटलेली कोरी टपाल तिकिटं सोडवताना

दमट हवेत कोऱ्या तिकिटांचा डिंक ओलावतो आणि दोन-चार तिकिटं एकमेकांना घट्ट बसतात. वापरलेली असती तर पाण्यात टाकून मोकळी केली असती. कोऱ्या तिकिटाचा डिंक गेला की संग्राहकाच्या लेखी किंमत निम्म्याहून खाली येऊ शकते.

१. तिकिटं झिपच्या पिशवीत घालून हवा काढा, फ्रीझरमध्ये दोनेक तास ठेवा.
२. बाहेर काढताच, गार असतानाच, कोपरा हलकेच वाकवा. डिंक कडक झालेला असतो. बहुतेकदा तिकीट सुटतं.
३. नाही सुटलं तर पुन्हा फ्रीझर. नख लावू नका, तिकिटाच्या कडेचे दाते तुटतात.
४. सुटलेली तिकिटं डिंकाची बाजू वर करून वाळवा.

डिंक गेलाच, तर वरून नवा लावू नका. जाणकार तो ओळखतात, आणि विकताना ती फसवणूकच.