आर्केड गेमसाठी स्वस्त स्टीअरिंग व्हील: घेताना काय बघायचं

डेटोना यूएसए किंवा आउटरनसारख्या जुन्या आर्केड रेसिंग गेमसाठी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत 900 अंश फिरणारं व्हील लागतच नाही. आर्केड मशीनचं व्हील साधारण 270 अंशच फिरायचं, त्यामुळे 180-270 अंशांचं साधं व्हीलही चालतं. 900 अंशांचं असेल तर ड्रायव्हरमध्ये (व्हीलच्या सॉफ्टवेअरमध्ये) 270 करून घ्या, नाहीतर वळणावर हात दुखतात आणि गाडी भिंतीवर.

सोलापुरात नवी पेठेत नवं घ्या किंवा जुनं शोधा, लॅपटॉप सोबत न्याच. विंडोजमध्ये जॉय डॉट सीपीएल (joy.cpl, गेम कंट्रोलर तपासायची खिडकी) उघडा. गॅस आणि ब्रेक एकत्र दाबा: काटा मधोमध आला, तर दोन्ही पेडल एकाच अक्षावर आहेत, म्हणजे दोघांचा मिळून एकच सिग्नल जातो. ड्रायव्हरमध्ये ते वेगळे होत नसतील, तर व्हील घेऊ नका.

जुन्या लॉजिटेक जी27 मध्ये मोटरच्या शाफ्टवरची एन्कोडर चकती (व्हील किती फिरलं हे मोजणारी) तडकते. दहा-बारा वेळा जोरात डावीकडे-उजवीकडे फिरवा. मधला बिंदू सरकला, तर चकती गेली समजा. अडॅप्टर 24 व्होल्टचा हवा, तोही तपासा. स्वस्त व्हीलमध्ये हेच मोजायला पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या व्हॉल्यूम नॉबसारखा भाग) असतो. आपल्याकडच्या धुळीने तो खराब झाला की काटा थरथरतो. कॉन्टॅक्ट क्लीनरचे दोन फवारे बहुतेक वेळा पुरतात.

मेममध्ये (MAME, पीसीवर आर्केड गेम चालवणारं सॉफ्टवेअर) टॅब दाबून अॅनालॉग सेटिंगमध्ये सेन्सिटिव्हिटी 100 पासून वर-खाली करून बघा. व्हील जरा वळवूनही गाडी सरळच जात असेल, तर मेम डॉट आयएनआय (mame.ini) या सेटिंग फाइलमधला जॉयस्टिक डेडझोन (मधल्या बिंदूजवळची हालचाल न मोजणारा भाग) शून्याजवळ आणा.

टेबलाची फळी व्हीलच्या क्लॅम्पमध्ये बसते का, हे आधी मोजा. प्लॅस्टिकचं टेबल तर हलणारच.